सुग्राबीची घुट्टी

ढाणकीच्या बाजारात बांगड्या विकणाऱ्या सुग्राबीचं तोंड कधी मिटलेलं कोणी पाहिलं नव्हतं. मोहल्ल्याला त्याचं कौतुकच होतं. लेकरू जन्मलं की मोठ्या माणसानं खजूर चावून मऊ करायचा आणि बोटानं त्याच्या तोंडात लावायचा, याला तिथं घुट्टी म्हणतात. घुट्टी देणाऱ्याचा स्वभाव लेकरू घेतं, असा समज. म्हणून बाया सुग्राबीलाच बोलावणं धाडायच्या.

तिची पहिली घुट्टी भावाच्या पोराला, जीशानला; ती त्याची फुफी, म्हणजे आत्या. तो मोटारसायकलींचा मिस्त्री झाला. हात चालो न चालो, तोंड मात्र चालूच. “फुफीची थुंकी हाये, चूप कशी बसंल?” असं गिऱ्हाईक म्हणे आणि सुग्राबी फुगून जाई.

मग जीशानच्या मानेत गाठी आल्या. नागपूरच्या डॉक्टरांनी लिम्फोमा सांगितला, म्हणजे गाठींचा कॅन्सर. तिथं या रोगावर अभ्यास चालला होता. घरच्या सगळ्यांना नळीत थुंकायला सांगितलं.

“थुंकी कायले पाह्यजे, मॅडम?” सुग्राबीनं विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. एक विषाणू असतो, जवळपास सगळ्यांच्याच थुंकीत. लहानपणीच अंगात शिरतो आणि बहुतेकांना काही करत नाही. पण त्याच्याही जाती आहेत, आणि काही जातींचा या कॅन्सरशी संबंध असावा असं दिसतं. तेच तपासतोय. यात कोणाचा दोष नाही, आजी.

सुग्राबीनं ऐकलं काय? थुंकी आणि कॅन्सर! बाकी सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

त्या दिवसापासून ती जीशानच्या दारात गेली नाही. घुट्टी तर कोणालाच दिली नाही. आपलं तोंडच विषाचं, ते त्याच्याजवळ न्यावं कसं, हे तिच्या मनानं घेतलं होतं. आणि बोलावं कोणाशी? जन्मभर बडबडलेली बाई नेमकी तेव्हाच मुकी झाली.

उपचार चालू असतानाच जीशानला मुलगी झाली, अलफिया. त्यानं स्वतः फोन केला. “फुफी, खजूर आणून ठेवला. कवा येतं?”

“घुटने दुखून राह्यले बाप्पा.”

“मी गाडी घिऊन येतो न!”

“नको म्हटलं न!” तिनं फोन कापला. घुटने कसले दुखतात? त्याच आठवड्यात पायी बाजार करून आली होती. पुढं त्याचे फोन येत राहिले. नाव दिसलं की ती फोन पालथा घाली.

जीशान गेला. जनाज्याच्या दिवशीही ती लांबच उभी राहिली.

बरेच महिने गेल्यावर त्याची बायको निलोफर लेकराला घेऊन तिच्या घरी आली. बसलीही नाही. “काहून नाही आल्या, फुफी? ते शेवटपर्यंत विचारत होते, फुफीले माही किळस येते का म्हणून.”

सुग्राबीला ते सहन होईना. घुट्टी, थुंकी, सगळं तिनं ओकून टाकलं.

निलोफरनं कपाळावर हात मारला. “याच्यासाठी? या अल्ला! फुफी, थुंकीचा निकाल आला होता न. तुमचा विषाणू येगळ्या जातीचा, त्यायचा येगळा. तुमच्याकून गेलाच नव्हता. ते हसत होते, ‘फुफीची बडबड आली माह्यात, पण विषाणू नाही आला’ म्हणून. हेच सांगाले तुमाले फोन लावत होते.”

सुग्राबी लेकरासमोर खाली बसली.

निलोफरनं पिशवीतून खजूर काढला. “त्यायनं ठेवलेला तर कवाच वाया गेला. हा नवा आणला. पण आता घुट्टी कायची, दात आले तिले.”

अलफियानं खजूर हिसकावला, बी काढून घेतलेला मऊ खजूर, आणि चावू लागली. मग काय मनात आलं कोण जाणे, अर्धवट चावलेला घास तोंडातून काढून तिनं सुग्राबीच्या ओठांशी नेला. सुग्राबीनं तोंड उघडलं. घास गोड होता. तिनं हंबरडा फोडला.

“एकडाव फोन उचलला असता वो माय,” ती त्या लेकरालाच सांगत राहिली, “एकडाव.”