आवाज जीपचा, गाडी डॉक्टरांची

मी डॉक्टर गुरुसिद्धप्पांची छोटी मॉरिस बोलतेय. आज बोलायचं धाडस करतेय, कारण आता माझ्यात इंजिन नाही. माझ्या आवाजाला भिऊन कुणी पळणार नाही.

माझा जन्म विलायतेतला, पण कळायला लागलं ते सोलापुरातच. डॉक्टरांचा दवाखाना नवी पेठेत. दर गुरुवारी आम्ही जवळच्या कुंभारी गावाला जायचो. माझं जुनं इंजिन शिवणयंत्रासारखं टुकटुकायचं. ओढ्यापाशी तो आवाज आला, की बाया लेकरांना कडेवर घेऊन पारावर यायच्या. ज्ञानबाची आई राजाबाई चुलीवर चहाचं आधण ठेवायची.

पंचवीस वर्षांत ते इंजिन थकलं. चढाला रोगीच मला ढकलायचे. "डाक्टर, आदी गाडीला सुई द्या की," म्हणून हसायचे. तेव्हा मला लाज वाटायची. ती लाज किती हलकी होती, ते पुढं कळलं.

१९७६ ची दिवाळी झाल्यावर तात्याबा मिस्त्रींनी माझं बॉनेट उघडलं. अपघातात चेपलेल्या एका जीपचं, जवळजवळ कोरं डिझेल इंजिन त्यांच्याकडं आलं होतं. ते माझ्या पोटात मावेना. मिस्त्रींनी पत्रा कापला, पट्ट्या वेल्ड केल्या, माझं नाकाड पुढं काढलं. किल्ली फिरवली तशी मी अशी गरजले, की शेजारचा शिंपी हातातलं कापड टाकून बाहेर आला.

"आता ही म्हातारी न्हाय, डॉक्टर. पैलवान हाय पैलवान!" मिस्त्री म्हणाले.

जुनं इंजिन भंगारात गेलं. मी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

त्याच आठवड्यात ज्ञानबाचं तान्हं पोर तापानं फणफणलं होतं. छाती घरघरत होती. डॉक्टर तीन दिवस एसटीनं जाऊन त्याला सुई देत होते. चौथ्या दिवशी मला घेऊन निघाले.

आणीबाणीच्या त्या दिवसांत नसबंदीसाठी माणसं धरून न्यायला सरकारी जीप गावोगाव फिरायची. आवाज आला की गडीमाणसं रानात पळायची. हे डॉक्टरांना ठाऊक होतं, मलाही होतं. पण त्यांना पोराची घाई आणि मला नव्या ताकदीचा तोरा. ओढ्याचा चढ मी एका दमात चढले.

गावात चिटपाखरू नव्हतं. पारावर एकच वहाण पडली होती. राजाबाई उंबऱ्यावर बसलेली. मान वर न करताच म्हणाली, "घरात कुनी न्हाय. ज्ञानबाचं आपरेशन मागंच झालंय."

"अहो राजाबाई, मी डॉक्टर!"

तिनं आधी त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "अगं बया! तुमी हाय व्हय? आमाला वाटलं जीपच आली. पोराला घिऊन दोगंबी ज्वारीत पळाली की!"

मार्गशीर्षातलं गार वारं सुटलेलं आणि पोराची सुई चुकत होती. डॉक्टरांनी मला ज्वारीतल्या गाडीवाटेला घातलं. चुकलं ते तिथंच. मी जवळ जावं, तसे ज्वारीचे शेंडे हलत हलत लांब सरकावेत. डॉक्टर खिडकीतून डोकं काढून हाका मारत होते. माझ्या गरजण्यात त्यांची एक हाक पोचत नव्हती.

अचानक ज्वारी दुभंगली. ज्ञानबा वाटेवर आला आणि माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला. त्यानं वर पाहिलंच नाही.

"सायेब, मला न्या. मी येतो. ह्ये पयलंच पोर हाय, दुसरं न्हाय झालं तरी चालंल. पन ह्याला आदी सोलापुरात आमच्या डाक्टरकडं सोडा. तेवडं करा."

डॉक्टरांनी इंजिन बंद केलं.

"ज्ञानबा, अरे मीच आहे."

ज्ञानबानं मान वर केली. मागून केराबाई, त्याची बायको, पोराला पदरात गुंडाळून बाहेर आली. डॉक्टरांनी माझ्या बॉनेटवरच पेटी उघडली. सुई बरोबर लागली. पोर रडलं, आणि पुढं वाचलंही. ज्ञानबा मात्र आमच्याकडं पाठ करून बांधावर बसला होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर मला घेऊन मिस्त्रींच्या गॅरेजात गेले. "काढ ते इंजिन."

"एवडं झ्याक बसलंय, डॉक्टर! का म्हनून?"

"काढ म्हणतो ना."

ते इंजिन वैरागच्या एका गिरणीला गेलं. जुनं तर केव्हाच वितळलं असणार. डॉक्टर एसटीनं जातात. दोन वर्षं झाली, मी गॅरेजच्या कडेला उभी आहे.

ज्ञानबा कधीमधी बाजाराला येतो. पोर खांद्यावर असतं. माझे गोल दिवे दिसले, की ते दोन्ही हात पुढं करतं. ज्ञानबा तोंड फिरवतो आणि झपाझपा पावलं टाकतो.

ज्ञानबा, एकदा थांब. लेकराला माझ्या बॉनेटवर बसू दे. तू कुणापुढं हात जोडलेस ते मी पाहिलं, आणि कशासाठी जोडलेस तेही. त्यात तुझी लाज काही नाही रे. आहे ती माझी. तेवढी मला इथं एकटीला सांभाळू दे.