फोर-लो आणि मोरया

मांडीवर गणपती घेऊन बसलेल्या माणसाला फारसं काही करता येत नाही. नाक खाजवता येत नाही, फोन उचलता येत नाही आणि गाडी चढावर अडकली तर उतरून निघूनही जाता येत नाही. चतुर्थीच्या सकाळी मी याच अवस्थेत अक्षयरावांच्या पिकअपमध्ये डाव्या सीटवर बसलो होतो.

अक्षयराव म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, मनालीचे, यजमान. त्यांच्या तीन भावांत गणपती एकच, तो पाळीने फिरतो. यंदा पाळी अक्षयरावांची, वरसे गावातल्या नव्या घरात पहिल्यांदाच. दुपारच्या मुहूर्ताच्या आत मूर्ती मखरात बसली नाही, तर थोरले बंधू जितेश हा विषय निदान पुढच्या पिढीपर्यंत नेणार होते. त्यांनी आधीच जाहीर केलं होतं, "अक्षयला गणपती आणायला पाठवू नका. तो वाटेत भाडं मारील."

अक्षयराव वाटेत भाडंच मारत होते. हमरापूरच्या मूर्तिकाराकडून घरची मूर्ती माझ्या मांडीवर आली आणि मागच्या हौद्यात, दोऱ्या आणि गाद्यांच्या मधोमध, वरच्या वाडीचा चार फुटी गणपती बसला. "रस्त्यावरच तर आहे वाडी," ते म्हणाले होते. अष्टमी गावाच्या अलीकडे फाटा लागल्यावर मला कळलं की वाडी रस्त्यावर नसून रस्त्याच्या वर होती. बरीच वर.

शेवटच्या चढावर मागची चाकं लाल चिखलात जागच्या जागी फिरू लागली. अक्षयराव हसले. "दादा, याचसाठी फोर बाय फोर घेतली." गिअरच्या शेजारी एक आखूड दांडी होती. सेकंडहँड गाडी घेतल्यापासून त्या दांडीचा उपयोग त्यांनी फक्त हार अडकवायला केला होता. हार काढून त्यांनी दांडी ओढली. फोर-हाय बसलं. चारही चाकं आता एकोप्याने जागच्या जागी फिरू लागली.

"आता लो. कमी वेग, जास्त जोर," मी म्हणालो. ड्रॉवरमधली पुस्तिका मी बाप्पाला एका हाताने घट्ट धरून दुसऱ्या हाताने उघडली होती, कारण शिकलेल्या माणसाला संकटात वाचावंसं वाटतं. "गाडी थांबवा. ब्रेक दाबा. क्लच पूर्ण दाबा, मुख्य गिअर न्यूट्रल. मग छोटी दांडी लोमध्ये."

अक्षयरावांनी सगळं तसंच केलं. दांडी मधल्या न्यूट्रलपर्यंत आली आणि पुढे भिंत लागल्यासारखी थांबली.

"लिहिलंय," मी म्हणालो, "गिअरच्या दातावर दात आला तर दांडी अडते. ब्रेक जरासा सैल करून गाडी किंचित हलू द्यावी."

किंचित! पुस्तिका लिहिणारा आमच्या भागात कधी आलेला नसावा.

कारण तोवर ढोल घेऊन वाडी खाली आली होती. आमच्याकडे गाडी अडकलेली दिसली की माणूस चालकाला काही विचारत नाही, चप्पल काढतो आणि ढकलतो. त्यात हौद्यात बाप्पा. अक्षयरावांनी ब्रेक सैल केला मात्र, मागून "मोरया!" झालं आणि वीस हातांनी गाडी हातभर वर गेली. दांडीखालून दगड भरडल्यासारखा आवाज आला.

"ढकलू नका!" अक्षयराव खिडकीतून ओरडले.

"ढकलू नका काय? मग चढंल कशी?" जनू म्हणाला. तो वाडीच्या मंडळाचा अध्यक्ष होता आणि त्याने शर्टावर तसा बिल्ला लावला होता.

"इंजिनचं चाकांशी जोडणं सुटलंय आत्ता! मागं आली तर चेपाल सगळे!"

"काय नाय होत. बाप्पा हाय आमच्या पाठीशी."

"बाप्पा गाडीत हाय रे! बाप्पाच्या पाठीशी तू हायस!"

जनूला हा मान वाटला. त्याने आणखी चौघांना बोलावलं.

दुसऱ्यांदा ब्रेक सैल, दुसऱ्यांदा मोरया, दुसऱ्यांदा दगड. गुणाजी नावाचे एक काका माझ्या खिडकीशी आले. "डिझेल हाय का?"

"आहे."

"मग गरम झाली आसंल. बोनेटवर पानी मारा." त्यांनी माझ्या होकाराची वाट न पाहता मारलंही. काच धुतली गेली, तेवढाच फायदा.

अक्षयरावांचा फोन वाजला. मनाली होती. "कुठे आहात?"

"आलोच."

"मागे ढोल कसले?"

"अगं, अष्टमीच्या पुलावर मिरवणूक आहे."

"दादाला द्या."

"दादाच्या मांडीवर गणपती आहे," अक्षयराव म्हणाले, आणि सकाळपासूनचं हे त्यांचं पहिलं खरं वाक्य होतं.

तिसऱ्यांदा त्यांनी खाली उतरून हात जोडायचं ठरवलं, पण ब्रेकवरचा पाय काढता येईना. हँडब्रेक या चढाला पुरत नव्हता. म्हणून ते बसूनच हात जोडू लागले. लोकांना वाटलं ते बाप्पाला जोडतायत. पुन्हा मोरया.

तेवढ्यात धोंडुबाईंचा फोन वाजला. धोंडुबाई वाडीतल्या सगळ्यांत वडील. त्यांनी हात वर केला आणि ढोल थांबला. पलीकडे पेणचे गुरुजी होते. त्या दिवशी त्यांच्याकडे इतकी घरं होती की लांबच्या वाड्या त्यांनी फोनवर घेतल्या होत्या.

"मूर्ती बसली का?" स्पीकरवरून गुरुजी.

"बसलीय जी," धोंडुबाई म्हणाल्या. गणपती हौद्यात बसलेलाच होता, तेव्हा हे खोटं नव्हतं.

"मग प्राणप्रतिष्ठा सुरू करतो. माझ्यापुढे अजून सात फोन आहेत."

जनूच्या खांद्यावर हात देऊन धोंडुबाई हौद्यात चढल्या. त्यांनी मूर्तीच्या छातीला दूर्वा टेकवल्या. मंत्र सुरू झाले. सगळे हात गाडीवरून निघाले, जोडले गेले, आणि माणसं अदबीने दोन्ही कडांना सरकली.

गाडीला कोणाचाही हात नव्हता. अक्षयरावांनी माझ्याकडे पाहिलं. क्लच दाबलेला. त्यांनी श्वास रोखून ब्रेक केसभर सैल केला. गाडी इंचभर मागे आली.

खट्.

"बसला!" अक्षयराव कुजबुजले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि मागे हौद्यात, गाडी इंचभर हलून थांबली म्हणून, चार फुटी मूर्तीने शांतपणे मान डोलावली.

"आला गो! जीव आला!" धोंडुबाई ओरडल्या. "माझ्या हाताखाली हलला!"

फोनवर गुरुजींनी 'शुभं भवतु' म्हटलं आणि ते पुढच्या वाडीला गेले. अक्षयरावांनी आनंदाने पहिला गिअर टाकला.

"खबरदार!" धोंडुबाईंनी टपावर थाप मारली. "गाडी हलवायची नाय!"

"आजी, आता चढते! लो लागलाय!"

"प्राणप्रतिष्ठा झालेली मूर्ती हलवतात व्हय रे? उत्तरपूजा होईस्तोवर बाप्पा हितंच."

"पण मघाशी तर सगळे ढकलत होतात!"

"तवा माती होती ती. आता देव हाय."

मी शिकलेला, तेव्हा मध्यममार्ग सुचवला की गुरुजींना विचारावं. गुरुजींचा फोन व्यस्त लागत होता. जनूने कोणालाही न विचारता बांबू मागवले. मांडव घालायला.

"दीड दिवस?" अक्षयरावांनी क्षीण आवाजात विचारलं.

"पाच," जनू म्हणाला.

शेवटी घरची मूर्ती माझ्या मांडीवरून अक्षयरावांकडे गेली आणि ते जनूच्या मोटरसायकलवर मागे बसून, दोन्ही हातांनी बाप्पाला कवटाळत, चढ उतरू लागले. गाडीचं इंजिन बंद, लो आणि पहिला गिअर तसाच ठेवला. तरी चाकांखाली दगड लागेपर्यंत ब्रेकवर पाय हवा, म्हणून मी उजवीकडे सरकलो.

बऱ्याच वेळाने मनालीचा फोन आला. मूर्ती पोचली होती, मुहूर्तात बसली होती. मागे आरती चालू होती, आणि आरतीच्याही वर जितेशभाऊंचा अक्षयरावांना विचारणारा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

"ते सगळं ठीक रे. पण गाडी कुठाय?"