पाच तोबऱ्यांची वाट

ओलासाबाल साहेबांनी माझा बुधवार अंगठ्याने पुसला. डस्टर शेजारच्याच खिळ्याला लटकत होतं. पण त्यासाठी हात लांब करायचेही कष्ट त्यांनी घेतले नाहीत.

"इथे झिपलाइन," ते म्हणाले, आणि लाल मार्करने तसं लिहूनही टाकलं.

"बुधवारी त्या उर्पिपाताला राहणार आहेत," मी म्हणाले. "काही न करता. नुसत्या राहणार आहेत."

"काही न करायला कोणी कुस्कोला येतं का, इंजिनिअरबाई?"

मी इंजिनिअर नाही. मी भौतिकशास्त्रात पदवी घेतली आहे. आमच्याकडे चार पुस्तकं जास्त वाचलेल्या कोणालाही इंजिनिअर म्हणतात, पण साहेब ते चिमटा काढायलाच म्हणतात.

फळ्यावर नऊ शिक्षिकांचा एक आठवडा मांडलेला होता. लिमाच्या, समुद्रकाठच्या शाळेतल्या बायका, बहुतेक पन्नाशी ओलांडलेल्या. रविवारी विमानतळावरून त्यांना थेट खाली खोऱ्यात न्यायचं, कारण खोरं कुस्कोपेक्षा सहाशे मीटर खाली आहे आणि तिथे पहिल्या रात्री डोकं धरत नाही. सोमवारी पिसाकचे अवशेष. मंगळवारी मोराय आणि मारासची मिठागरं, जिला जमेल तिने सायकलवर. बुधवारी उर्पिपाता, उंची तीन हजार आठशे मीटर: जेवण, गप्पा, झोप. गुरुवारी तिथून खिंड चढून पलीकडच्या गरम झऱ्यांवर. मग रेल्वे, माचू पिचू, परत. खिंड चार हजार चारशे पन्नास मीटरवर आहे. तिथे समुद्रकाठच्या श्वासातला साठ टक्केसुद्धा ऑक्सिजन मिळत नाही. म्हणून तो बुधवार. तो सुट्टीचा दिवस नव्हता, रक्ताला दिलेली मुदत होती.

"झिपलाइन कोणी मागितली?" मी विचारलं.

"मी."

"तुमच्या मेहुण्याने. झिपलाइन त्याचीच आहे."

"मग? मेहुणा माणूस नाही का?" ते हसले. "गुरुवारी पहाटे गाडीने तुझ्या गावात नेऊ, तिथून चालतील. पाच तास तूच लिहिलेत. आठला निघाल्या की एकला झऱ्यावर. अडीचला गाडी निघते. तीनला रस्त्याचं फाटक लागतं ते थेट सहाला उघडतं. सगळं बसतंय की."

"थेट गाडीतून उतरून खिंडीत? एखादी कोसळेल."

"तर मग गावच नको. सगळ्यांना बसने रंगीत डोंगरावर नेतो. फोटो छान येतात."

उर्पिपाता माझं गाव आहे. तीन वर्षं मी त्या गावासाठी या ऑफिसात वाद घालत होते. चार घरांनी पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या होत्या, पलीकडे संडास बांधले होते. गावच्या सभेत नऊ तास चर्चा होऊन शेवटी "दामासोची पोर म्हणते ना, मग ठीक" असं ठरलं होतं. त्यानंतर एकही पाहुणा आला नव्हता. या शिक्षिकांनी माझं पत्र वाचून, गाव बघायचं म्हणूनच आमची कंपनी निवडली होती. या आठवड्यातून गाव गेलं असतं तर पुन्हा सभेत उभं राहून सांगायला माझ्याकडे काही उरलं नसतं.

"तुम्ही स्वतः चालून बघा," मी म्हणाले. आवाज चढला होता. "या शनिवारी. चालल्यावर मग सांगा, बुधवार हवा की नको."

साहेबांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग मार्करला टोपण लावलं.

"ठीक. एकच्या आत झऱ्यावर पोचलो तर गाव राहील, बुधवारसकट. नाही पोचलो तर गाव गेलं, आणि त्या बायकांना तूच लिहायचं, की माझा हिशोब चुकला. मंजूर?"

मी लगेच मंजूर म्हणाले. माझा हिशोब चुकत नाही असं मला वाटत होतं.

तो हिशोब असा होता. आमचे लोक वाट तोबऱ्यांवर मोजतात. कोकाच्या पानांचा तोबरा गालात धरायचा, त्याची चव गेली की एक तोबरा झाला, दुसरा भरायचा. ताय्ता, म्हणजे माझे वडील, चाळीस वर्षं त्या खिंडीतून खेचरं नेतात. त्यांना विचारलं तर म्हणाले, "झऱ्यापर्यंत ना? पाच तोबरे." मी तीन वेगवेगळ्या दिवशी त्यांच्याशेजारी घड्याळ घेऊन एकेक तोबरा चालले होते. एक तोबरा बेचाळीस मिनिटं, चव्वेचाळीस, त्रेचाळीस. ताय्तांच्या पायांना पाच तोबरे म्हणजे तीन तास पस्तीस मिनिटं. खालून आलेल्या माणसासाठी चाळीस टक्के वाढवले. पाच तास. इतका घट्ट हिशोब मी याआधी कधी बांधला नव्हता.

शनिवारी साहेब साडेसातला गावात उतरले. नवेकोरे बूट, गळ्यात दुर्बीण. माझ्या आत्याने, एपिफानियाने, पुढ्यात उकडलेले बटाटे, चीज आणि रोकोतो मिरचीचा ठेचा ठेवला.

"खाऊन घ्या, साहेब. वर काही मिळत नाही."

"फार तिखट नाही ना?"

"बाळंतिणीला देतो आम्ही," आत्या निर्विकारपणे म्हणाली. साहेबांनी घास घेतला आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आत्याने मुन्याच्या, म्हणजे डोंगरी पुदिन्याच्या, पाल्याचा चहा पुढे केला. "बुटांना अजून दुकानाचा वास येतोय," ती मला म्हणाली, साहेबांना ऐकू जाईल अशा बेताने.

बरोबर आठला निघालो. पुढे खेचर, मग ताय्ता, मग साहेब, शेवटी मी. बटाट्याची शेतं, दगडी बांध, मग कुरणं. साहेब ताय्तांशी बोलत होते. ताय्ता त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, पण साहेब आपले "दामासो, तू हे बघ, दामासो, तू ते सांग." ताय्ता "हो साहेब, नाही साहेब" करत चालले होते. मला ते डाचत होतं, पण घड्याळ ठीक चाललं होतं. साहेब दमले असले तरी थांबत नव्हते.

ताय्तांनी तोंडात तोबरा घेतलेला नाही हे माझ्या लक्षात आलं होतं. मला वाटलं, साहेबांसमोर नको म्हणून असेल.

नऊ वाजून पन्नास मिनिटांनी आत्याच्या मेंढवाडीच्या वरच्या अंगाला विसाव्याचा दगड लागला. त्याच्या फटींत जुनी वाळलेली पानं खोचलेली असतात. ताय्तांनी खेचर थांबवलं, टोपी काढली, दगडाला टेकून बसले आणि कमरेची थैली सोडली. तीन धड पानं निवडली, खिंडीकडे तोंड करून डोंगराचं नाव घेतलं, पानांवर फुंकर घातली, एक दगडाच्या फटीत ठेवलं आणि मग पहिला तोबरा भरला.

"चला," ते उठत म्हणाले. "निघालो."

मला आधी समजलंच नाही. "निघालो म्हणजे?"

"म्हणजे निघालो. पाच तोबरे आता."

"ताय्ता, आपण एक तास पन्नास मिनिटं चालतोय!"

"कुठे चाललो? शेतातून आलो आपण." त्यांनी खाली हात केला. "ती इग्नासिओची पट्टी, तो एपिफानियाचा मळा. आपल्या जमिनीवर फिरण्याला कोणी प्रवास म्हणतं का? वाट इथून लागते."

माझ्या डोक्यात आकडे कोसळले. एक तास पन्नास अधिक पाच तास. तीनला दहा मिनिटं कमी. शिक्षिकांसाठी त्याहूनही जास्त.

"मी तुम्हाला तीनदा विचारलं!" मी ओरडले. "घड्याळ घेऊन चालले तुमच्याबरोबर! एकदा तरी सांगायचं ना, कुठून!"

"तू विचारलंस वाट किती. वाट पाच तोबरे." त्यांचाही आवाज चढला. "याच कुरणात तू सात वर्षं मेंढ्या राखल्यास. तुला माहीत नव्हतं हे इथे आहे ते?"

हेच सगळ्यात वाईट होतं. मला माहीत होतं. हा तुकडा इथे आहे हे माझ्या तळव्यांना पाठ होतं. पण मलाही ते कधी अंतर वाटलं नव्हतं. मी नकाशा उघडूनसुद्धा पाहिला नव्हता, कारण आपल्या अंगणाचा नकाशा कोण पाहतं? चार वर्षं मोजमाप शिकले, आणि शून्य कुठे धरलं हेच तपासलं नाही.

साहेब दगडावर बसले होते. ताय्तांनी रीत म्हणून थैली त्यांच्यापुढे धरली. साहेबांनी विचार न करता हात घातला. न फाटलेली तीन पानं काढली, गुळगुळीत बाजू वर करून एकावर एक जुळवली, देठं चिमटीत धरली, खिंडीकडे वळून फुंकर घातली. पहिल्यांदाच पानं हातात घेतलेला माणूस हे इतकं नीट करत नाही. बोटांना सवय लागते.

ताय्ताही बघत होते. "हे कुठे शिकलात, साहेब?"

"आजीकडे." साहेबांनी पानं गालात सारली. "चिंचेरोची होती, इथल्यासारख्याच डोंगरगावातली."

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "तुम्हाला माहीत होतं."

"काय?"

"तोबरे कुठून मोजतात ते. फळ्यासमोर पैज लावलीत तेव्हा माहीत होतं तुम्हाला."

त्यांनी बुटावरची माती झटकली. "मला वाटलं तुलाही माहीत असेल, इंजिनिअरबाई. गाव तुझं आहे ना?"

त्या क्षणी मी त्यांना काय काय म्हणाले ते लिहीत नाही. ऑफिसातल्या भाषेत नाही, आमच्या डोंगरातल्या भाषेत म्हणाले, आणि त्यांना शब्दन् शब्द कळला, हे त्यांच्या कानांच्या रंगावरून दिसलं. तीन वर्षं हा माणूस आपल्याला ती भाषा येत नाही असं दाखवत आला होता.

"झालं बोलून?" शेवटी ते म्हणाले. "गाव गेलं. सोमवारी त्या बायकांना लिही, हिशोब चुकला म्हणून. दामासो, खेचर दे, मी खाली जातो."

ताय्तांनी खेचराचा दोर मनगटाला गुंडाळला. "खेचर पुढे चाललंय, साहेब."

"मग मी काय चालत जाऊ?"

"जवळच आहे. आपलंच शेत."

साहेब एकटे उतरले. आम्ही दोघं खिंडीकडे निघालो. मी घड्याळ लावलं, आणि या वेळी प्रत्येक वळणाला वेळ लिहिली. तिसऱ्या तोबऱ्यात ताय्ता मागे न बघता म्हणाले, "माझी वाट तू फळ्यावर लिहिलीस. मला कुठे विचारलंस, लिहू का म्हणून?" मी म्हणाले, "गावासाठीच लिहिली ना!" ते म्हणाले, "गावासाठी लिहिलीस तर मग गावापासून लिही. अर्धी कशाला लिहिलीस?" मी आणखीच चिडले.

सोमवारी साहेब माझ्या खुर्चीमागे हात बांधून उभे राहिले. "लिही."

मी लिहिलं. हिशोब चुकला, हे पहिल्या ओळीतच. चूक माझी, हे दुसऱ्या. गावापासून झऱ्यापर्यंत तुमच्या चालीने पाच तास नव्हेत, साडेसात तास लागतील, आणि ते एका दिवसात चालू नये. इथवर साहेब मान डोलवत होते. मग मी पुढे लिहिलं: म्हणून मंगळवारी संध्याकाळीच गावात या, खोल्या तयार आहेत. बुधवारी विसाव्याच्या दगडापर्यंतच चाला, अडीच तास, आणि माझ्या आत्याच्या मेंढवाडीशेजारी तंबूत राहा. खिंड गुरुवारी. नाहीतर बुधवारी झिपलाइन आणि गुरुवारी बसने रंगीत डोंगर, हाही पर्याय आहे, तो पाच हजार मीटरवर आहे. तुम्ही ठरवा.

"हे पुसून टाक," साहेब म्हणाले.

मी पाठवलं.

"काय केलंस?"

"तुम्ही सांगितलंत तेच. हिशोब चुकला म्हणून कळवलं."

त्यांनी टेबलावर मूठ आपटली तेव्हा चहाचा कप उलटला आणि पिसाकची तिकिटं भिजली. त्या दिवशी त्यांनी मला ऑफिसातल्या सगळ्या खुर्च्यांदेखत जे ऐकवलं, त्यात माझी पदवी आली, माझे बूट आले, माझा बाप आला. बापाचं नाव निघालं तेव्हा मी म्हणाले, "तुमच्या आजीने ऐकलं असतं तर?" त्यांनी भिजलेली तिकिटं उचलली आणि आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी शिक्षिकांकडून उत्तर आलं. त्यांच्या म्होरक्या रोसाल्विना बाईंनी लिहिलं होतं: आमच्यातल्या दोघींचे गुडघे बदललेले आहेत, तेव्हा दोन दिवसांचंच ठेवा. आणि झिपलाइन कोणाच्या डोक्यातून निघाली ते कळवा, आम्हाला त्यांना बघायचं आहे.

साहेबांनी ते उभ्याउभ्याच वाचलं. "हा आठवडा तू ने त्यांना," ते म्हणाले. "नंतर दुसरीकडे नोकरी बघ."

"बघतेच आहे," मी म्हणाले. बघत नव्हते. त्या संध्याकाळपासून बघायला लागले.

शिक्षिका येण्याच्या आधीच्या रविवारी मी गावात गेले आणि छापलेला कागद ताय्तांपुढे ठेवला. आत्या चुलीशी होती. ताय्तांनी चष्मा लावला, एकेका ओळीवर बोट ठेवत खाली आले आणि बुधवारवर थांबले.

"उर्पिपाता ते विसाव्याचा दगड," त्यांनी वाचलं, "अडीच तास. घरातल्या घरात अडीच तास?"

"ते त्यांचं घर नाही, ताय्ता. त्यांना ते मोजावं लागेल."

त्यांनी कागद बाजूला सरकवला. अजून माझ्यावर चिडलेले होते, मीही त्यांच्यावर. आत्याने मध्ये पडायचं नाही असं ठरवल्यासारखा ठेचा जोरात वाटायला घेतला.

"मग पहिली पानं त्यांना इथेच देतो, दारात," ते म्हणाले. "मोजायचंच आहे तर पहिल्या पावलापासून मोजा. आणि ते अडीच तास खोडून तीन तोबरे कर. चार करून ठेव. बायकांचे गुडघे बदललेत म्हणतेस ना."

मी पेन्सिल काढली.