कात्रणांची फाइल

तात्यारावांच्या डोळ्यानं दान केलेली बुबुळं दोनदा नाकारली. तिसऱ्यांदा डॉक्टरांनी कृत्रिम बसवलं, ते मात्र टिकलं. "माणसांपेक्षा प्लास्टिक भरवशाचं," असं महापालिकेतून निवृत्त झालेले तात्याराव कसबा पेठेत भेटेल त्याला ऐकवत. दीड महिन्यानं चष्मा मिळाला, तक्त्यावरची बारीक ओळ वाचता आली. घरी येताच त्यांनी बायकोकडे कात्रणांची फाइल मागितली.

दृष्टी गेल्यापासूनचा, सहा वर्षांचा रिवाज होता. तात्यारावांनी संपादकांना पत्र सांगायचं, सुंदराबाईंनी लिहून घ्यायचं. आठवड्याभरात त्या ते पेपरातून मोठ्यानं वाचून दाखवायच्या आणि कापून ठेवायच्या. कात्रीचा आवाज ऐकल्याशिवाय तात्याराव चहाला हात लावत नसत. येरवड्याच्या कुणी सरोजिनीबाई पत्रांतूनच त्यांना खोडून काढत. "बाई चुकते, पण मुद्देसूद चुकते," तात्याराव म्हणायचे. तिला द्यायचं उत्तर ते ऑपरेशनच्या टेबलावरही जुळवत होते.

"अहो, आधी थेंब घालू. ताण नको."

"फाइल."

पहिल्या पानावर पैठण्यांचा सेल. दुसऱ्यावर ढेकणांचा एका दिवसात बंदोबस्त. पुढे मंगल कार्यालयं, सुडोकू, कुकर. प्रत्येक कात्रण कडेनं सरळ कापलेलं, वर तारीख.

"माझी पत्रं कुठायत?"

"पहिली तीन पाठवली. आली नाहीत छापून. तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत. मग चौथं मीच छापलं."

"आणि ती येरवड्याची?"

सुंदराबाई पुसलेलंच फुलपात्र पुन्हा पुसत राहिल्या. "चाळीस वर्षांत माझं एक वाक्य पुरं होऊ दिलं नाहीत. तिचं पत्र मात्र शेवटपर्यंत ऐकायचात."

"निदान फाइल तरी जाळायचीस!"

"तुम्हाला परत दिसेल, असं वाटलं नव्हतं हो."

हे मात्र ढेकणांपेक्षा कडकडून चावलं. तिन्ही ऑपरेशनांच्या वेळी हीच बाहेर बसून "होणार, सगळं नीट होणार" म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी पेपर त्यांनी स्वतः उघडला. पत्रांच्या सदरात भटकी कुत्री होती, खड्डे होते. ते दोनदा वाचून झालं.

सुंदराबाईंनी चहा ठेवला. "काय म्हणतायत?"

"सरोजिनीबाईंचं पत्र नाही आज," तात्याराव तुटकपणे म्हणाले.

टोमणा जिथं लागायचा तिथं लागला. पण आपण स्वतःच्या नावाआधी तिचं नाव शोधलं होतं, हे काही त्यांनी सांगितलं नाही.