साठ टक्क्यांची अट

कागदावरची ओळ, तोंडी सांगितली तशी:
टोलेडो संघ एमस टिलरीला पोर्टलंड संघाला देणार. बदल्यात पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमधली चौथ्या फेरीची निवड.

मंगळवार सुट्टीचा. मंगळवारी सरावकेंद्रात दोनच प्रकारचे खेळाडू सापडतात : ज्यांचं काहीतरी दुखतंय ते, आणि ज्यांना घरी करमत नाही ते. चौतीस वर्षांचा एमस टिलरी दोन्हींत मोडायचा. तो कमरेपर्यंत बर्फाच्या टबात बसला होता आणि ग्रेडी सोबचाक जिना उतरून खाली आला होता. ग्रेडी कधी खाली येत नसे. माणूस पाठवत असे.

"उठू नकोस," ग्रेडी म्हणाला.

"उठतोय कोण? पाय माझे आहेत की नाहीत तेच कळत नाहीये."

ग्रेडी हसला नाही. तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. चार वाजता खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपणार होती, आणि ते साऱ्या देशाला माहीत होतं.

हा ग्रेडी चार मोसम एमसच्या डाव्या खांद्याला खांदा लावून खेळलेला. अमेरिकन फुटबॉलच्या फळीत एमस मधला माणूस, सेंटर. चेंडू जमिनीवर त्याच्या हाताखाली असायचा, तो आपल्या पायांमधून मागे द्यायचा, मग डाव सुरू. त्याच्याशिवाय एकही डाव सुरू होत नसे. समोरून दीडशे किलोचा गडी अंगावर आला की डावीकडून ग्रेडी मदतीला यायचा. मग ग्रेडीची पाठ गेली, टाय आला, आणि आता तो वरच्या मजल्यावर बसून संघ बांधत होता. या मोसमात बांधलेला संघ नऊपैकी आठ सामने हरला होता.

"पोर्टलंड," ग्रेडी म्हणाला. "त्यांच्या सेंटरचा हात मोडलाय. त्यांना तू हवायस. आज."

पोर्टलंड आठ जिंकून एक हरलेला संघ. एमस अकरा वर्षांत बादफेरीतला एकही सामना जिंकलेला नव्हता.

"कितव्या फेरीत गेलो मी?"

"चौथ्या."

एमसला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. ड्राफ्टमध्ये संघ दरवर्षी सात फेऱ्यांत नवे खेळाडू निवडतात, आणि फेरी जितकी आधीची तितकी किंमत जास्त. त्याला स्वतःला सातव्या फेरीत उचललं होतं, दोनशे एकतिसावा. ग्रेडी चौथ्यातला. त्यावरून इतकी वर्षं चालू होतं : "चौथ्या फेरीतले साहेब आले, खुर्ची द्या रे." "सातव्यातल्याला बोलायची परवानगी कुणी दिली?"

"म्हणजे आता आपण एकाच जातीचे झालो," एमस म्हणाला.

"सही लागेल तुझी. करारात आहे. तुझ्या मर्जीशिवाय तुला कुठे पाठवता येत नाही."

"ठाऊक आहे. ते कलम मीच भांडून घेतलंय. तुझ्याशीच."

*

तीन-चौदा. फोन.

"दुपारी तुझा फोन म्हणजे एकतर गुडघा, नाहीतर ग्रेडी," त्याची बायको कॉरिन म्हणाली.

"ग्रेडी."

"कुठे?"

"पोर्टलंड."

पलीकडे नळ चालू होता. तो बंद झाला.

"तिथे खेळायला मिळणार?"

"म्हणून तर नेतायत."

"नाही, तू नीट विचार. गेल्या रविवारी शेवटचे दहा डाव त्यांनी त्या नव्या पोराला दिले, तर दोन दिवस तू घरात एक शब्द बोलला नाहीस. तसं तोंड घेऊन तू माझ्यापासून दोन हजार मैलांवर बसणार असशील, तर इथेच बस. मला निदान दिसशील तरी."

"खेळायला नेतायत, कॉरिन."

"मग जा. आणि बर्फातून बाहेर ये आधी. दात वाजतायत तुझे."

*

तीन-बावीस. ग्रेडीची खोली. टेबलावर दोन कागद : एक संमतीचा, सहीला जागा सोडलेला, दुसरा सौद्याचा, पालथा घातलेला.

सही कुठे करायची ते ग्रेडीने बोटाने दाखवलं. एमसने दुसरा कागद सुलटा केला.

"ते आमचं आपापसातलं आहे," ग्रेडी म्हणाला.

"माझं नाव दिसतंय त्यात."

कागदावरची ओळ, लिहिली होती तशी:
…चौथ्या फेरीची निवड. परंतु टिलरी साखळीतल्या उरलेल्या आठ सामन्यांत पोर्टलंडच्या आक्रमणाचे साठ टक्के किंवा अधिक डाव खेळल्यास हीच निवड दुसऱ्या फेरीची समजली जाईल.

"दुसरी!" ग्रेडी म्हणाला. "बघ ना. आजवर चौतिशीतल्या सेंटरला दुसरी फेरी कुणी दिलीय? तू आपणहून कधी एक डाव सोडला आहेस? नव्वद टक्क्यांच्या वर खेळतोस तू. म्हणजे दुसरी माझ्या खिशातच. कर सही."

एमसने पेन उचललं. मग ठेवलं.

साठ. हा आकडा त्याने कुठेतरी पाहिला होता. साठ नव्हे. एकोणसाठ.

"मी दोन मिनिटांत आलो."

"एमस, अडतीस मिनिटं राहिलीत!"

"हरत आलेले सामने आपण दोघांनी शेवटच्या तीस सेकंदांत जिंकलेत. बस जरा."

*

जिन्याच्या वळणावर डावांचा तक्ता लागतो. दर मंगळवारी आकडे ठेवणारा मर्ल ओक्स तो टाचणीने लावतो : कोण किती डाव खेळला, संघाच्या एकूण डावांतले किती टक्के. घरी न करमणारे खेळाडू मंगळवारी खरे येतात ते हा तक्ता बघायला. कुणी कबूल करत नाही.

दोन वर्षांपूर्वी त्या तक्त्यावर लॉन्झो किम्ब्रोचं नाव होतं. बचावातला जुना वाघ, ऑक्टोबरात दुसऱ्या संघाकडून घेतलेला. डिसेंबरात त्याला बाकावर बसवलं. घोटा जपायला, असं सांगितलं. घोटा किम्ब्रोला मुळीच दुखत नव्हता. मोसम संपला तेव्हा त्याच्या नावापुढे एकोणसाठ होते आणि सगळी फळी त्याला चिडवायची, "एका मार्काने नापास झालास की रे आजोबा!" तेव्हा एमसने त्याच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं होतं, वरच्यांना कळतं, तुझ्या भल्यासाठीच आहे, पुढच्या वर्षी ताजा उतरशील. किम्ब्रोला पुढचं वर्ष मिळालं नाही. बसलेल्या माणसाला कुणी विचारत नाही.

मर्ल आपल्या खोपटात तीन पडद्यांसमोर बसला होता.

"मर्ल, किम्ब्रोच्या वेळी डिसेंबरात तुझ्याकडे आकडे कुणी मागत होतं का? मंगळवारचे नव्हे. रोजचे."

मर्लने चष्मा काढला, पुसला, परत घातला. काच स्वच्छच होती.

"सामना चालू असताना मागायचे," तो म्हणाला. "दर पंधरा मिनिटांनी वर फोन. शेवटच्या फोनला मी म्हटलं, अजून चार डाव खेळला तर साठ होतील. मग तो परत मैदानात आला नाही. मला वाटलं, घोटा."

"मलाही."

"वर फोन कोण घ्यायचं ते विचारू नकोस, एमस."

"नाही विचारत. मला एक गणित करून दे. सामन्याला पासष्ट डाव धर, आठ सामने."

"पाचशेवीस. साठ टक्के म्हणजे तीनशेबारा." मर्लने मान वर केली. "पाचव्या सामन्यात होतात. त्यांच्या सेंटरचा हात केव्हा बरा होणार म्हणतात?"

"डिसेंबरात."

"पाचवा सामना डिसेंबरातच आहे," मर्ल म्हणाला.

*

तीन-छत्तीस.

"अट काढ."

"काय?"

"साठ टक्क्यांची ओळ काढून टाक. मग करतो सही."

ग्रेडीने खोलीचं दार लोटलं. "वेडा आहेस का? ती ओळ म्हणजे तुझी किंमत आहे."

"ती ओळ म्हणजे माझा घोटा आहे, ग्रेडी. तीनशे अकराव्या डावानंतर माझा घोटा दुखणार. मला न विचारता दुखणार."

ग्रेडी खिडकीकडे वळला. खिडकीबाहेर रिकामं सरावाचं मैदान होतं, त्यावर बदकं चालत होती.

"किम्ब्रोच्या सौद्यातही साठची अट होती. त्याचे आकडे तूच घ्यायचास ना?"

"मी तेव्हा सहायक होतो. सांगितलं ते केलं."

"आणि मी त्याची पाठ थोपटली. फुकट."

"पोर्टलंड तसं करेलच असं नाही."

"मग त्यांनी अट कशाला घातली? तुला तर ठाऊकच होतं ते कसं चालतं. तू एक आकडा लावलास : बसवलं तर चौथी, विसरले तर दुसरी. तुझं काहीच जात नव्हतं. जात होतं ते माझं."

"अट काढायची म्हणजे सौदा पुन्हा उघडायचा, मग ते चौथी देणार नाहीत," ग्रेडी म्हणाला. आवाज आता धंद्याचा होता. "ठरलेला सौदा पुन्हा उघडला तर पाचवीच. त्यांनी सकाळीच सांगितलंय. मालकांना मी काय सांगू? अकरा वर्षांचा कणा दिला आणि पाचवी आणली?"

"मोसम संपला की माझा करार संपतो, मी मोकळाच आहे. तेव्हा तुला काहीच मिळणार नाही. पाचवी काहीच नसण्यापेक्षा जास्त आहे."

"तू पाचव्या फेरीचा माणूस नाहीस रे!"

ग्रेडी हे एवढ्या मनापासून म्हणाला की एमसला क्षणभर वाईट वाटलं. हाच माणूस, ज्याची आई अजूनही दर शुक्रवारी साऱ्या फळीला पिरोगीचा, म्हणजे उकडलेल्या पोलिश करंज्यांचा डबा पाठवते.

"सातव्यातून आलो," एमस म्हणाला, "पाचव्यातून जातो. बढतीच आहे."

"आणि अट नसतानाही त्यांनी बसवलं तर?"

"त्यांचा पोरगा माझ्याहून चांगला खेळला तर बसेन. मैदानावर हरायला मला चालतं, अकरा वर्षं तेच करतोय. मर्लच्या तक्त्यावर हरायचं नाहीये."

तीन-चव्वेचाळीस. ग्रेडी घड्याळाकडे बघत राहिला. तो नुसता गप्प बसून राहिला असता तरी सौदा आपोआप मेला असता, आणि दोघांनाही ते कळत होतं. तीन-सत्तेचाळीसला त्याने फोन ओढला.

*

पोर्टलंडचा संघ बांधणारा हॅस्टिंग्ज, फोनच्या भोंग्यातून:

"पाचवी? बिनअट?"

"हो."

"सकाळी तू दुसरीसाठी दोन तास माझं डोकं खाल्लंस."

"सकाळ गेली."

"काय लपवतोयस, सोबचाक?"

ग्रेडीने एमसकडे पाहिलं. हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. या धंद्यात भाव आपणहून कुणी उतरवत नाही. उतरवला की समोरचा गुडघा चाचपतो.

"डावा गुडघा ना?" हॅस्टिंग्ज म्हणाला. "आज बर्फात होता म्हणे. डॉक्टरांना विचारतो."

"दहा मिनिटं राहिलीत. डॉक्टर काय बघणार?"

"तेच म्हणतोय मी. दहा मिनिटं ठेवून पाचवी मागतोयस. सोडून दे. आम्ही दुसरा बघतो."

एमसने टेबलावरून हात लांब करून फोन आपल्याकडे वळवला.

"टिलरी बोलतोय. गुडघा दुखतो. अकरा वर्षं दुखतोय, त्यात मी चार सामने चुकवलेत. उद्या सकाळी तुमच्या डॉक्टरांना हवा तसा वाकवू द्या, नापास झालो तर मला परत पाठवा. भाव ग्रेडीने नाही उतरवला. मी उतरवायला लावला."

"खेळाडू कधी स्वतःचा भाव उतरवतो?"

"तीनशेबारावा डाव ज्याला खेळायचाय तो उतरवतो."

भोंग्यात मागे कुणीतरी टंकत होतं. मग तेही थांबलं.

तीन-त्रेपन्न.

"आम्ही तुला बसवणार होतो असं कुणी सांगितलं तुला?" हॅस्टिंग्जने विचारलं, पण आता आवाज खाली आला होता.

"कुणी नाही. आमच्याकडेही बसवतात."

तीन-चोपन्न.

"माझा सेंटर परत आला की जागा त्याची आहे. ती तुला त्याच्याकडून घ्यावी लागेल."

"एवढंच मागतोय."

तीन-पंचावन्न.

"पाठव कागद, सोबचाक. लवकर."

*

कागदावरची ओळ, तीन-अठ्ठावन्नला लीगच्या कचेरीत पोचली तशी:
टोलेडो एमस टिलरीला पोर्टलंडला देत आहे. बदल्यात पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमधली पाचव्या फेरीची निवड.

मालकांचा फोन चार-एकला वाजायला लागला. ग्रेडीने तो वाजू दिला. एमसने कपाटातला सगळा संसार दोन काळ्या पिशव्यांत भरला. एक पिशवी ग्रेडीने उचलली आणि गाडीपर्यंत आणली, पाठ दुखत असूनही. दोघांपैकी कुणी माफी मागितली नाही.

"शुक्रवारचा डबा," ग्रेडी म्हणाला. "आई विचारेल."

"सांग, तिकडे पाठव म्हणावं. चौथ्या फेरीतल्यांना देऊ नको."

विमानतळाच्या वाटेवर एमसने किम्ब्रोचा नंबर लावला. उचलला गेला नाही. बीप वाजल्यावर तो म्हणाला, "लॉन्झो, तुझा घोटा ठीक होता." मग त्याने फोन ठेवला.

*

डिसेंबर. पोर्टलंड. पाचवा सामना, शेवटचा चौथा भाग, पाऊस आडवा.

मोडलेल्या हाताचा सेंटर बरा होऊन मैदानाच्या कडेच्या रेषेपलीकडे उभा होता. हेल्मेट डोक्यावर, पट्टा लावलेला. आठवडाभर सरावात दोघे एकमेकांच्या अंगावर धावले होते. शनिवारी प्रशिक्षक म्हणाले होते, उद्या टिलरी, पुढचं पुढे बघू.

एमस मोजत नव्हता. पण मर्लने सकाळी निरोप पाठवला होता, आकडा तेवढा, बाकी काही नाही : ५२. आजचा बावन्नावा, म्हणजे तीनशेबारावा.

एकावन्न झाले. त्याने रेषेकडे पाहिलं. तिथून कुणी आत धावत आलं नाही. तो खाली वाकला, चेंडूवरचं पाणी बोटांनी निपटलं, डावा गुडघा नेहमीसारखा ओरडला. समोरचा दीडशे किलोचा गडी म्हणाला, "अजून इथेच का रे, आजोबा?"

मागून, चेंडू घ्यायला उभ्या असलेल्या क्वार्टरबॅकने हाळी दिली. एमसने चेंडू मागे दिला आणि गड्याच्या छातीत शिरला.