फाटकावर माणूस नव्हता

मालूबाईचं कोणी खरं धरलं नाही, मग माझं कोण धरणार? मी एका शाळेच्या फाटकाची साखळी आहे. सध्या पोलीस ठाण्याच्या मालखान्यात, जप्तीच्या सामानात, पोत्यात पडून आहे आणि तिथूनच बोलतेय. गोड बोलणं मला जमत नाही. ज्याला टोचेल त्याला टोचू दे.

बऱ्हाणपूरच्या बाजारात एका लोखंडाच्या दुकानात मी टांगलेली होते. माझ्यासोबतच्या काही ट्रकांवर गेल्या, एक म्हशीच्या गळ्यात गेली. मला देवरामभाऊंनी उचललं, दोन्ही हातांनी ओढून पाहिलं आणि दुकानदाराला म्हणाले, "शाळेला पाहिजे. मजबूत दे." मला अभिमान वाटला. म्हशीपेक्षा शाळा बरी.

देवरामभाऊ शाहपूरकडच्या एका संस्थेचे सचिव. संस्थेची शाळा म्हणजे ऐकू न येणाऱ्या लेकरांची निवासी शाळा. कोणी धान्य देई, कोणी पंखा देई, त्यावर ती चालायची. शाळेला लागूनच रस्ता, आणि रस्ता केळीच्या गाड्यांचा. कटाई सुरू झाली की दिवसभर ट्रक, ट्रॅक्टर, पिकअप. इकडचे चालवणारे ब्रेकवर कमी आणि होरनवर जास्त भरवसा ठेवतात. होरन दिला की समोरचा सरकणारच, असं धरून चालतात. आमची लेकरं सरकणार कशी? त्यांना होरन ऐकूच येत नाही. म्हणून फाटक बंद पाहिजे. म्हणून मी.

माझ्या कुलपाची किल्ली मालूबाईच्या गळ्यात, पोतीच्या शेजारी. मालूबाई स्वयंपाकीण. शाळा चौथीपर्यंत शिकलेली, तोंडाची फाटकी, मनाची नाही. भाकरी तव्यावर टाकायची आणि पिठाच्या हातानंच फाटकाकडे पळायची. एका बाईनं चूल बघायची की रस्ता बघायचा, हे संस्थेत कोणी विचारलं नाही.

लेकरांमध्ये एक कोकिळा होती. नेपानगरकडच्या एका मजुराची पोर. दुपारी फाटकाशी येऊन मला मुठीत धरायची. बाहेरून गाडी गेली की मी थरथरायचे, ते तिला हातात कळायचं. ट्रक असला तर ती दोन्ही हात लांब पसरायची, ट्रॅक्टर असला तर गाल फुगवायची, आणि फटफटी गेली तर नाक मुरडायची. मालूबाई मुद्दाम तिला रस्त्याकडे पाठ करून उभी करायची आणि ओळखायला लावायची. "बरोबर सांगते मेली," असं म्हणून तिच्या डोक्यावर टपली मारायची.

आता माझ्या दुसऱ्या धंद्याचं सांगते. तापीकाठची काळी माती पाऊस पडला की चाकं गिळते. केळीच्या घडांनी भरलेली ट्राली रुतली की दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढावी लागते, आणि त्याला साखळी लागते. गावात माझ्याइतकी दणकट साखळी नव्हती. पहिल्यांदा सुट्टीच्या दिवशी नेली. मग सवयच पडली. "जा रे, शाळेची साखळी आण." जशी काही मी लग्नाची भांडी.

मालूबाई संस्थेच्या बैठकीत चहा द्यायला गेली आणि चहा ठेवून तिथंच उभी राहिली.

"फाटकावर एक माणूस ठेवा," ती म्हणाली.

"माणसाला पगार लागतो, मालूबाई," देवरामभाऊ म्हणाले.

"मग सरकारले मागा."

"सरकार म्हणतं, संस्थेची शाळा आहे, संस्थेनं बघावं."

"आन लेकरं कोणाची आहेत?"

एक सदस्य हसला. "काकी, तू पोळ्या कर. आजवर झालं का काही?"

"झाल्यावर मांडू का मंग?"

ती कप गोळा करून निघून आली. कोणी खरं धरलं नाही. ऐकलं फक्त शाळेच्या मोठ्या बाईंनी, रश्मी मॅडमनी. त्यांनी अर्ज लिहिला. राज्य सरकारनं कायदा करावा. शाळा सरकारी असो की संस्थेची, अनाथांचं घर असो की म्हाताऱ्यांचं, जिथं दुसऱ्यांची माणसं सांभाळली जातात तिथल्या राखणीचा खर्च सरकारनं उचलावा. भिंत, फाटक आणि फाटकावर माणूस. एवढंच. पहिली सही मालूबाईची. मग ती सह्या मागत गल्ल्या फिरली.

"काय गं मालू, निवडणुकीले उभी राहते का?" एकीनं ओट्यावरून विचारलं.

"राहीन. तुझं मत नको मले, सही दे."

आमदारांनी अर्ज हातात घेतला. म्हणाले, "विषय चांगला आहे. अधिवेशनात मांडू." अधिवेशन आलं आणि गेलं. विषय चांगलाच राहिला, मांडला कोणी नाही.

मग तो दिवस. सकाळभर पाऊस पडून उघडला होता. शालिग्राम पळत आला, शेजारच्या मळ्याचा.

"मालूकाकी, ट्राली फसली. साखळी दे लवकर."

"नाही देत. लेकरं अंगणात हायेत."

"अगं, व्यापाऱ्याचा ट्रक थांबलाय. अभी आणून देतो."

"एकदा सांगितलं ना तुले."

त्यानं देवरामभाऊंना फोन लावला आणि फोन तिच्या कानाला धरला. फोनमधला आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "दे ना बाई. जरा वेळाचं काम. गावाशी वाकडं घेऊन संस्था चालते का?"

मालूबाईनं किल्ली काढली. मला सोडताना ती शालिग्रामला म्हणाली, "बाहेरूनच दे. ट्रॅक्टर आत आणू नको." मग तिनं सुतळीनं फाटक बांधलं. चुलीवर डाळ उतू जात होती, ती आत गेली.

ट्राली निघाली. शालिग्रामनं मला चिखलासकट ट्रॅक्टरवर टाकलं. वाईट माणूस नाही तो. लवकर परत द्यायचा शब्द दिला होता म्हणून घाईनं आला. फाटक नुसतं लोटलेलं दिसलं, म्हणून पुढच्या चाकानं ढकललं. सुतळी तुटली. चिखलावरून चाक घसरलं. समोर कोकिळा, आमच्याकडे पाठ करून, ओल्या मातीचं काहीतरी करत बसलेली. शालिग्रामनं होरन दिला. देतच राहिला. मी त्याच्या पायाशी होते. मला सगळं दिसत होतं.

पुढचं सांगत नाही.

तिचा बाप दुपारनंतर आला. कोणावर ओरडला नाही. मालूबाईसमोर बसून त्यानं एवढंच विचारलं, "जेवली होती का ती?"

"जेवली होती. डाळ दोनदा घेतली," मालूबाई म्हणाली. ती खोटं बोलली. डाळ तेव्हा चुलीवरच होती. असं खोटं मी पुन्हा कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

मग चौकशी लागली. मुद्देमाल म्हणून मला पोत्यात घातलं. शालिग्राम म्हणाला, "होरन दिला होता, साहेब. देवाशप्पथ दिला होता." देवरामभाऊ म्हणाले, "मी फक्त फोनवर बोललो, फाटक मी उघडलं नाही." बऱ्हाणपूरहून आलेले सरकारी साहेब म्हणाले, फाटकाच्या माणसासाठी पैसे द्यायचा नियमच नाही, तर आमची चूक कशी? सगळ्यांचं बरोबर होतं. सगळ्यांचं बरोबर असताना पोर मेली.

रश्मी मॅडम अजून अर्ज घेऊन भोपाळला जातात. आता त्यांच्या सोबत कोकिळाचा बाप असतो, मजुरी बुडवून. तो त्यांच्या शेजारी नुसता उभा राहतो. शाळेच्या फाटकाला म्हणे तार बांधली आहे.

तुम्ही वाचणारे लोक आहात. तुमच्या गावातही अशी शाळा असेल, असं एखादं घर असेल, आणि त्याच्या फाटकावर माझ्यासारखीच एखादी साखळी एकटी लटकलेली असेल. तिच्यावर भरवसा ठेवू नका. साखळीला कोणीही सोडून नेतं. फाटकावर माणूस लागतो, आणि त्याचा पगार सरकारनं दिला पाहिजे, मेहरबानी म्हणून नाही, कायदा म्हणून. सही मागायला कोणी दारात आलं तर हसू नका. विचारू नका की आजवर झालं का काही.

मला गंज चढतोय. त्याचं दुःख नाही. काल मालखान्यातल्या शिपायानं चौकशीचा निकाल दुसऱ्याला वाचून दाखवला. संस्था सुटली, सरकार सुटलं, शालिग्रामला ताकीद मिळाली. साखळी कोणाच्या हातानं निघाली, एवढंच त्यांनी धरलं. सोडणारीला कामावरून काढलं, आणि दोषी म्हणून खाली एकच नाव लिहिलं, मालूबाई.