सत्ताविसावा संदर्भ

“ही आसेनोवा कोण?” नेवेनाने चष्मा कपाळावर सरकवत विचारलं.

कालिना कोटाची बटणंही न काढता दारात उभी होती. प्रयोगशाळेत तिचे नमुने वितळत होते. “कुठली आसेनोवा?”

“तुझ्याच यादीतली. सत्ताविसावा संदर्भ. ‘आसेनोवा, स्तामेनोव, १९८९, जर्दाळूच्या कळ्या आणि हिवाळी गारठा.’ अगं, हा लेख आपल्याच नियतकालिकातला, आणि एकट्या स्तामेनोवसाहेबांचा. सगळ्या बल्गेरियाला तोंडपाठ आहे.”

“मी मूळ लेखावरून उतरवलंय, नेवेनाताई.”

“असं सगळेच म्हणतात.”

दान्यूबकाठच्या त्या फळसंशोधन संस्थेच्या नियतकालिकात नेवेना अठ्ठावीस वर्षं एकच काम करत आली होती. शास्त्रज्ञांच्या लेखांमागच्या संदर्भयाद्या तपासायच्या. आधी आडनाव, मग स्वल्पविराम, आद्याक्षर, साल. नियतकालिकाचं नाव तिरप्या टाइपात, खंड ठळक. लेख कोणी वाचो न वाचो, यादी ती ओळ न ओळ वाचायची. तिचा कोणावरच विश्वास नव्हता. बाजारातून आणलेलं चीज ती घरी पुन्हा तोलायची. डॉक्टरांनी दिलेली गोळी शेजारणीच्या गोळीशी ताडून बघायची. नवरा होता तेव्हा चारचौघांत म्हणायचा, “हिला लग्नाच्या दाखल्यावरची माझी सहीसुद्धा खोटी वाटते.” तो गेल्यावर एकदा तिने तो दाखला काढून सही खरोखरच निरखून पाहिली होती.

संशयाला जागाही होती म्हणा. लोक यादीत मित्राचं, मेव्हण्याचं नाव घुसवत. नाव जितक्या वेळा छापून येई, तितकी बढती जवळ. ही आसेनोवा कालिनाची आत्या नाहीतर मावशी असणार, असं तिने मनाशी धरूनच टाकलं. लाल पेन्सिलने नाव खोडलं. “दुपारपर्यंत मूळ प्रत दाखव. नाहीतर असंच जाईल.”

दुपारी कालिना आली ती मोबाइल पुढे करतच. विदिनच्या एका जुन्या ग्रंथालयातल्या अंकाचा फोटो होता. पृष्ठ ११२. मथळ्याखाली दोन नावं, आणि पहिलं रुमियाना आसेनोवाचं.

“आता काय म्हणणं आहे?”

“फोटोत हल्ली वाट्टेल ते करता येतं.”

पण तिने फोटो बोटांनी मोठा केला. मथळ्यातल्या एका अक्षराचा पाय तुटका होता. त्या काळच्या छापखान्यातला तो खिळा तिच्या चांगल्याच ओळखीचा होता. असलं व्यंग कोणी मुद्दाम बनवत बसत नाही.

ती तळघरात उतरली आणि १९८९चा बांधीव खंड काढला. पृष्ठ ११२. क्रुम स्तामेनोव, एकटेच. आजूबाजूची पानं पिवळी पडली होती, हे मात्र पांढुरकं. मथळ्यातली सगळी अक्षरं धड. तिने पानाच्या मुळाशी नख फिरवलं, तर वाळलेल्या डिंकाचा पापुद्रा निघून आला.

ती तिथल्याच खोक्यावर बसली. दुसऱ्या कोणी लबाडी केली, याचं तिला फारसं काही वाटलं नाही. जग तसंच असतं, हे तिला माहीत होतं. पण खोडलेली नावं लक्षात न ठेवणाऱ्या तिला आता आठवलं, इतक्या वर्षांत हा संदर्भ दोन नावांनिशी आठ-दहा वेळा तरी तिच्या टेबलावर आला होता. विदिनहून आला होता, एकदा तर थेट परदेशातून, स्कोप्येहून. दर वेळी तिने हाच खंड उघडला होता, हेच पान पाहिलं होतं आणि पहिलं नाव खोडलं होतं. वर लेखकांना खरमरीत पत्रंही धाडली होती.

स्तामेनोव आता एक्याऐंशीचे होते. संपादक मंडळाचे अध्यक्ष म्हणून गुरुवारी येत आणि हीटरला पाय लावून बसत. नेवेनाने खंड त्यांच्यापुढे उघडला.

“साहेब, हे पान कोणी चिकटवलं?”

त्यांनी पानाच्या कडेवरून अंगठा फिरवला. “तू कधी लागलीस इथे?”

“नव्वदला. तेवढ्यावर सुटू नका.”

“एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात तुर्कस्तानची सीमा उघडली. आपल्याकडचे तुर्क गाठोडी बांधून लाखांनी निघाले. तीही गेली, आईबापांना घेऊन. अंक छापून तयार होता, चार प्रती टपालात पडलेल्या. वरून एक माणूस आला. म्हणाला, गेलेल्यांची नावं नकोत, पान बदला.”

“आणि तुम्ही बदललंत.”

“मी नाही म्हटलं नाही.”

“त्याच वर्षी कम्युनिस्ट सरकार पडलं, साहेब. एकोणतीस वर्षं झाली.”

“आधी भीती होती. मग लाज वाटायला लागली. आणि मग त्या लेखाला बक्षीस मिळालं.”

“प्रयोग कोणी केला होता?”

“कळ्या तिने मोजल्या. एक्याऐंशीपासून तीन हिवाळे, त्या गारठ्यात. लेख मी लिहिला. अर्धा.” त्यांनी पाय हीटरवरून खाली घेतले. “अर्ध्याहून कमी.”

“शुद्धिपत्र छापायचंय. तुमची सही लागेल.” तिने कोरा कागद पुढे सरकवला.

तिला वाटलं होतं, म्हातारा आता विचार करू, मंडळापुढे ठेवू म्हणेल. त्यांनी पेन उचललं. “नाव कुठलं घालणार? आसेनोवा तिचं नव्हेच. पंच्याऐंशीत सगळ्या तुर्कांची नावं जबरदस्तीने बदलली, तेव्हा तिच्या माथी मारलेलं. मी वर जागा सोडून सही करतो.” सही करून त्यांनी खणातून एक चिठ्ठी काढली. ‘रेमझिये, बुर्सा’, आणि खाली नंबर. “तिच्या भावाने दिला होता. नऊ वर्षं झाली. लावला नाही मी.”

नेवेनाने नंबर आपल्या खोलीतून लावला. कालिना शेजारी उभी होती. पलीकडून तुर्की बोल आले. नेवेनाने बल्गेरियनमध्ये संस्थेचं नाव सांगितलं. मग गंज चढलेल्या बल्गेरियनमध्ये बाई म्हणाली, “कोण बोलतंय? माझं नाव कशाला हवंय?”

“तुमच्या लेखात दुरुस्ती करायची आहे.”

“मागे नाव विचारायला आले होते ते बंदुका घेऊन आले होते, बाई. तुम्ही खऱ्या कशावरून?”

हा प्रश्न नेवेनाने जन्मभर दुसऱ्यांना विचारला होता. तिने खंड पुढे ओढला. “पृष्ठ ११५,” ती वाचू लागली, “तक्ता दुसरा. उणे अठरा अंश. शंभर कळ्यांपैकी जिवंत...”

“एकसष्ट,” बाई म्हणाली. “नाही, थांबा. एकसष्ट हंगेरियन जातीच्या. आपल्याकडच्या बासष्ट.”

नेवेनाने बोट ठेवून पाहिलं. “बासष्ट.”

“ती झाडं आहेत अजून?”

“नाहीत. तिथे आता गाड्या लावतात.”

“हं.”

“नाव कुठलं छापू? नियमाने छापलेलं तेच घालतात, आसेनोवा. की तुमचं आताचं?”

“आताचं आडनाव नवऱ्याचं. रेमझिये हसानोवा छापा. कळ्या मोजल्या तेव्हा मी हीच होते.”

“एकेक अक्षर सांगा.”

तिने सांगितलं. नेवेनाने सहीच्या वर सोडलेल्या जागेत एकेक अक्षर उतरवलं, मग पहिल्यापासून वाचून दाखवलं. “बरोबर?”

“बरोबर आहे,” बाई म्हणाली. “पण पुन्हा एकदा वाचता का? जरा सावकाश.”

नेवेनाने कागद खिडकीच्या उजेडाकडे धरला आणि पुन्हा वाचायला लागली.